नऊ रंग छापा, पण सोबत एवढं करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थोड्याच दिवसांत तुमच्या पेपरात नवरात्राचे नऊ रंग छापून येतील. ते आले की दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे गर्दी सुरू होते, कारण मी कर्वेनगरला घरीच फॉल-पिको करते आणि ब्लाउज शिवते, २२ वर्षं झाली. तक्रार म्हणून लिहीत नाहीये, माझा अर्धा सीझन त्या नऊ रंगांवरच चालतो. पण दरवर्षी बघते ना, एका राखाडी दिवसासाठी लक्ष्मी रोडला जाऊन राखाडी साडी घेतली जाते, ती एकदा नेसून ऑफिसच्या ग्रुपवर फोटो जातो, मग ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आणि पुढच्या वर्षी परत राखाडी आला तर "अहो ती मागच्या वर्षीच्या फोटोत आहे" म्हणून दुसरी!

दोन वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये मोरपंखी साडी फक्त एकीकडे होती. ती सकाळी दुसऱ्या मजल्यावरची बँकेत नेसून गेली, संध्याकाळी साडी इस्त्रीवाल्याकडे एक चक्कर मारून आली आणि सात वाजता तिसऱ्या मजल्यावरची सून ती नेसून भोंडल्याला. साडी जिची होती ती बाई मस्तपैकी जुन्या लाल साडीत खिरापत ओळखत बसली होती, म्हणाली मला मोरपंखी शोभतच नाही, सासूबाईंनी घेतली म्हणून आहे. त्या भोंडल्यातच ठरलं की आपण सोसायटीत कपड्यांची अदलाबदल करू.

आणि पहिली अदलाबदल साफ पडली. ती का पडली हे सांगायलाच खरं तर हे पत्र आहे, कारण फास्ट फॅशनवर, म्हणजे स्वस्तात घ्यायचे, दोनदा घालायचे आणि टाकायचे अशा कपड्यांवर, जे काही वाचायला मिळतं त्यात सगळे तेच करतात जे आम्ही केलं. आम्ही पोस्टर लावलं, त्यावर रडणारी पृथ्वी, खाली "एका कॉटन टी-शर्टला २७०० लिटर पाणी लागतं, जुने कपडे वापरा, पर्यावरण वाचवा". आकडा बरोबरच आहे, एका माणसाचं अडीच वर्षांचं पिण्याचं पाणी झालं ते. पण आले किती, तर चार जण. आणि आणलं काय, तर विटलेले गाऊन, बटणं नसलेले शाळेचे शर्ट, एकटी पडलेली ओढणी. म्हणजे फरशी पुसायला जे काढलं होतं ते. सगळं सतरंजीवर ढीग करून ठेवलं, कोण हात लावणार त्याला? एक काकू तर दारातूनच म्हणाल्या, "दुसऱ्याचे उतरलेले घालायची वेळ अजून आली नाहीये आमच्यावर."

हा "उतरलेले" शब्दच मूळ दुखणं आहे बघा. पर्यावरण वगैरे नंतर. आपल्याकडे जुना कपडा वरून खाली जातो, मालकिणीकडून कामवालीकडे, मोठ्या जावेकडून धाकटीकडे, त्यामुळे तो घेणं म्हणजे आपण खाली असं डोक्यात पक्कं बसलंय. आता याच लोकांच्या घरात बाळ झालं की पहिलं झबलं मुद्दाम जुनं, कुणाच्या तरी गुटगुटीत पोराचं मागून आणलेलं घालतात, दुपटी आजीच्या मऊ लुगड्याची, तेव्हा कुणाला कमीपणा वाटत नाही. आणि आहेराच्या साड्यांबद्दल तर बोलायलाच नको, घडी न मोडता पाच लग्नं फिरून येतात, एकीकडे तर स्वतःच दिलेली साडी चार वर्षांनी परत आली, आत नावाची चिठ्ठी तशीच! याला आता सर्क्युलर फॅशन म्हणतात म्हणे.

तर दुसऱ्या वेळी आम्ही सगळं बदललं. पृथ्वी काढून टाकली. मेसेज एवढाच टाकला की रविवारी चार वाजता क्लबहाऊसमध्ये कपाटं उघडायचीत, भेळ आहे. अट एकच, जो कपडा तुम्ही मैत्रिणीला द्यायला लाजणार नाही तोच आणायचा, धुऊन, इस्त्री करून. आतले कपडे नाहीत. मंडपवाल्याकडून रॉड आणले आणि सगळं हँगरवर लावलं, एक माणसाच्या उंचीचा आरसा आणला, आणि चादरी बांधून कपडे बदलायला आडोसा केला. आरसा सगळ्यात महत्त्वाचा, आरशासमोर फिरून "कसं दिसतंय गं" विचारल्याशिवाय बाईला कपडा घेतल्याचं समाधान नसतं, तो दुकानातला असो नाहीतर शेजारणीचा.

हिशोबाला माझ्याकडची जुनी बटणं काढली. एक कपडा दिला की एक बटण, साडीला तीन, आणि बटण दिलं की कपडा घ्यायचा. ही बटणांची आयडिया फार कामाची निघाली, कारण मग कोण कुणाला दान करत नाही, सगळे गिऱ्हाईकच. आमच्याकडे तीन घरी स्वयंपाक करणाऱ्या ताई आल्या, त्यांनी त्यांची एक जांभळी काठापदराची साडी आणली, चांगली जपलेली, तीन बटणं घेतली आणि दोन कुर्ते आणि मुलीला जीन्स निवडली. ती जांभळी साडी कुणी उचलली, तर त्या ज्यांच्याकडे पोळ्या करतात त्याच बाईंनी. नंतर कळलं तेव्हा दोघी हसल्या, जरा अवघडून हसल्या, खोटं कशाला सांगू, पण साडी परत गेली नाही.

मी कोपऱ्यात मशीन घेऊन बसले होते, जागेवर आल्टर करून द्यायला, ३० रुपये. इथे एक धंद्यातली गोष्ट सांगते. शिवताना शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. माया असली की दोन टिपा उसवल्या की ब्लाउज वाढतो, आईचा लेकीला होतो. आता तुमच्या घरातला २९९ वाला कुर्ता उलटा करून बघा, ओव्हरलॉकच्या, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारलेल्या टिपेच्या, बाहेर दोराभरसुद्धा कापड नाही. माया ठेवलीच नाही त्याला, मग अंग भरलं की तो गेलाच. त्या दिवशी साध्या शिंप्याकडचे जुने पंजाबी ड्रेस मी पटापट सैल करून दिले आणि मॉलमधले नवेकोरे कुर्ते हात जोडून परत दिले. साडीचं बरं असतं, साडेपाच मीटर, कुणालाही होते, अडतं ते ब्लाउजवर.

आमच्या लहानपणी जुने कपडे फिरवायचं हे काम बोहारीण करायची. ओसरीवर बसून एकेक कपडा उजेडात धरून विरलंय का बघायची, आई पातेल्यासाठी घासाघीस करायची, "अजून एक शर्ट टाका वहिनी" यावर पाऊण तास. आमच्या गल्लीत जी शेवटची यायची ती मला म्हणाली होती, ताई हे पॉलिस्टरचं कुणी घेत नाही आता. तिचं बरोबर होतं. सुती जुनं झालं की त्याची गोधडी होते, पॉलिस्टरच्या गोधडीत घाम टिपला जात नाही. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांचं सूत काढून ब्लँकेट करतात, पण कॉटन आणि पॉलिस्टर मिसळलेलं कापड वेगळं काढणं सोपं नाही. जे अगदीच कामातून गेलंय ते आम्ही कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या व्ही-कलेक्टला, म्हणजे त्यांच्या जुन्या वस्तू गोळा करायच्या उपक्रमाला देतो.

स्वस्ताचं कारणही मला ठाऊक आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपडे शिवायच्या कारखान्यांची इमारत कोसळली, आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते तरी शिवणाऱ्यांना कामावर बोलावलं, ११०० वर माणसं गेली. मी पण मशीनवर बसते म्हणून असेल, ते डोक्यातून जात नाही. पण क्लबहाऊसमध्ये मी हे कुणाला ऐकवत नाही. अपराधी वाटलं की माणूस एक दिवस खरेदी थांबवतो, नंतर सेल लागला की पहिला.

माझी मुलगी २३ ची आहे, ती म्हणते आई एकदा फोटो टाकला की तो ड्रेस रिपीट होत नाही. मी आधी चिडायचे. आता वाटतं तिला नवा कपडा नको असतो, नवी दिसायला पाहिजे असतं, आणि ते शेजारच्या कपाटातूनही होतं ना. तिच्या मैत्रिणी याला थ्रिफ्ट म्हणतात आणि उड्या मारत येतात, जुने कपडे म्हटलं की नाक मुरडतात. म्हणू दे थ्रिफ्ट.

पुरुषांचं मात्र अजून जमलेलं नाही. तीन शेरवान्या आल्या, एकेकदा घातलेल्या, आणि त्या तशाच हँगरवर लटकल्यात.

आता तुमच्याकडे मागणं. नऊ रंगांचे फोटो छापता त्यात एक चौकट मागून नेसलेल्या साड्यांची ठेवा, खाली दोन नावं, नेसली कुणी आणि साडी कुणाची. तुमच्या पेपरात फोटो येण्यासाठी बायका साड्या घेतात, तर तुमच्याच पेपरात येण्यासाठी मागतीलही. आणि "शहरात आज"मध्ये व्याख्यानांच्या शेजारी अशा अदलाबदलीचं ठिकाण-वेळ एका ओळीत दिलीत तरी पुष्कळ.

आमची पुढची आम्ही मुद्दाम पितृपक्षात ठेवली आहे. नवीन घ्यायचं नसतं, आणि हे नवीन नाहीच. तरी एका आजींनी भटजींना फोन करून विचारून घेतलं. कुणाकडे मोरपंखी जास्तीची असेल तर नक्की आणा, आमच्याकडे अजून एकच आहे आणि तिला आत्तापासून तीन नंबर लागलेत.

आपली,
फॉल-पिकोवाली काकू, कर्वेनगर, पुणे