गोजिरे म्हणून सोडून दिलेले चित्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याचे ‘द ग्रॅहम चिल्ड्रन’ पाहिलेस आणि ‘श्रीमंताघरची गोजिरी मुले’ एवढ्यावर त्याची बोळवण केलीस, हे मात्र मला पटले नाही. १७४२ सालचे हे तैलचित्र वरवर घरगुती आनंदाचे वाटते, पण माझ्या मते त्यात होगार्थने आईबापांचीसुद्धा भीड ठेवलेली नाही.

डॅनियल ग्रॅहम हा राजाचा औषधविक्रेता. त्याची चार मुले येथे आहेत: रिचर्ड, अ‍ॅना मारिया, हेन्रिएटा आणि अगदी डावीकडे ढकलगाडीत बसलेला टॉमस. टॉमसच्या अंगात झगा असल्याने तू त्याला मुलगी समजला असशील. त्या काळी तिथे लहान मुलग्यांनाही झगेच घालत. हेन्रिएटाने एका हाताने वर धरलेल्या चेरींकडे तो झेपावतो आहे, आणि चित्र रंगले तेव्हा हे मूल हयात नव्हते. ही गोष्ट कळली की त्याच्या मागच्या घड्याळावरचा, हातात लांब दांड्याचा विळा, म्हणजे मृत्यूची खूण, घेतलेला बालक नुसती शोभा राहत नाही.

पण माझा सारा जीव गुंतला आहे तो उजव्या बाजूत. रिचर्ड हाताने फिरवायची छोटी वाद्यपेटी वाजवतो आहे. पाळलेल्या पक्ष्यांना सूर शिकवण्यासाठी ती वापरत. पिंजऱ्यातला गोल्डफिंच हा चिमुकला गाणारा पक्षी आपल्या सुरावर खूश झाला, अशा समजुतीने तो वर पाहून हसतो. प्रत्यक्षात त्याच्याच खुर्चीच्या पाठीवर मांजर चढले आहे, त्याची नखे खुर्चीत रुतली आहेत, डोळे पिंजऱ्यावर खिळले आहेत, आणि पक्षी भेदरून पंख फडफडवतो आहे. त्यातही खोच अशी की, पेटीच्या अंगावर ग्रीक पुराणकथांतला ऑर्फियस चितारला आहे, ज्याच्या संगीताने हिंस्र पशूही निवत. या मांजरावर संगीताचा काडीचा परिणाम झालेला नाही!

अ‍ॅना मारिया झग्याचे घोळ उचलून नाचू पाहते. तिच्याविषयी मला फारसे सांगण्यासारखे नाही. खरा प्रश्न ग्रॅहमचा आहे. पैसे मोजून काढवून घेतलेल्या, सुमारे १६० सेंटिमीटर उंच आणि १८१ सेंटिमीटर रुंद अशा या चित्रात मृत मुलाबरोबर ते मांजरही त्याने कसे चालवून घेतले असेल? होगार्थला स्वतःला मूल नव्हते, तरी अनाथ मुलांसाठी लंडनमध्ये निघालेल्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या कामात तो मनापासून होता. मुलांविषयी त्याला ममता नव्हती असे म्हणता येत नाही. माझा तर्क असा की, त्याने दुःख लपवले नाही म्हणूनच ग्रॅहमला हे चित्र आपले वाटले असावे. तुला तसे वाटते का?

गॅलरीत प्रवेशाला पैसे पडत नाहीत, तेव्हा पुन्हा एकदा जाच. या खेपेस उजवीकडून पाहायला सुरुवात कर आणि त्या मांजराविषयी तुझे मत सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश