टाकीवरचा प्लग

सोहार, ओमान
१२ जून

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय मी दोनदा काढला आणि दोन्ही वेळेला तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं, म्हणून लिहायला बसलोय. रात्री दुकान बंद केल्यावर सावकाश वाच.

मार्चमध्ये सुटीवर आलो होतो तेव्हा पारोळ्याच्या आपल्या पंक्चरच्या दुकानात हवेच्या कॉम्प्रेसरच्या टाकीकडे लक्ष गेलं. पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असायचा तिथे टेप गुंडाळून प्लग मारलेला. तू म्हणालास, व्हॉल्व्ह सारखा फुसफुसत होता, मोटर थांबायचं नाव घेत नव्हती, बिल वाढलं, म्हणून मेस्त्रीनं काढून टाकला. निघायची गडबड होती, मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला इथे रोज खातंय.

आई दर वेळी विचारते, "तू तठे काय काम करस रे भाऊ?" तिला कुकर दाखव. शिट्टी उठते, वाफ जाते, ते रोजचं. पण शिट्टीच्या भोकात डाळ अडकली तर झाकणावरचा तो बारका व्हॉल्व्ह वितळून वाफेला वाट देतो. रिफायनरीत असे शेकडो व्हॉल्व्ह असतात, वितळणारे नाहीत, स्प्रिंगचे. शटडाउनला, म्हणजे देखभालीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा, ते सगळे उतरवून आमच्या वर्कशॉपला येतात. तपासायचे, खोलायचे, दुरुस्त करून पुन्हा सील करायचे, हे माझं काम.

आमच्याकडे व्हॉल्व्ह आला की आधी पुसायचासुद्धा नाही. आहे तसा टेस्ट बेंचवर चढवायचा आणि खालून नायट्रोजन सोडायचा. ज्या दिवशी गरज पडली असती त्या दिवशी हा उघडला असता का, ते साफ केल्यावर कधीच कळत नाही. गेल्या आठवड्यात एक आला, सेट प्रेशर, म्हणजे ज्या दाबाला तो उघडायला हवा तो, १० बार (बार म्हणजे जवळपास तुझा किलो). १० झाले, ११, १२, तरी हूं की चूं नाही. आमच्यात दीडपटीपर्यंत जातात. १५ बारलाही उठला नाही, तेव्हा प्रेशर उतरवलं आणि 'अडकलेला' अशी नोंद केली. खोलला तर डिस्क, म्हणजे तोंडावर बसणारी झाकणासारखी चकती, खालच्या नोझलला चिकटून बसलेली, आतल्या बाजूला काळा थर इतका कडक की नखानं निघेना. बाहेरून रंग चांगला, सील शाबूत, टॅग चकचकीत. तो थर बघून मला आपली टाकी आठवली, खरं सांगतो.

आता तुझ्या फुसफुसण्याबद्दल. व्हॉल्व्ह गळतो म्हणजे बहुतेक वेळा सीटवर, म्हणजे डिस्क टेकते त्या कडेवर, कचरा बसलेला असतो किंवा सीटला चरा पडलेला असतो. स्प्रिंग आवळून ते बरं होत नाही, उलट व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. इथे आम्ही सीट आणि डिस्क लॅप करतो. बिडाच्या सपाट प्लेटवर पेस्ट लावून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी डिस्क फिरवायची, हात जराही कलू द्यायचा नाही. तू इंजिनाचे व्हॉल्व्ह ग्राइंड झालेले बघितलेत, त्याच जातीचं काम, पण फार बारीक. शेवटी काचेची चकती ठेवून एकाच रंगाच्या दिव्याखाली बघायचं. काळ्या रेघा सरळ आणि एकसारख्या दिसल्या तर पृष्ठभाग सपाट. एक रेघ म्हणजे साधारण ०.३ मायक्रॉनचा फरक, आणि माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. पहिल्यांदा त्या रेघा सरळ आल्या तेव्हा मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

मग पुन्हा बेंचवर. १० बारचा असेल तर ९.७ ते १०.३ च्या आत उघडला पाहिजे. त्यानंतर ९ बारवर धरून बाहेरच्या तोंडाला नळी लावायची, तिचं टोक पाण्यात अर्धा इंच बुडवायचं आणि मिनिटभर बुडबुडे मोजायचे. मोठ्या व्हॉल्व्हला २०, लहान असेल तर ४० चालतात. रबरी सीट असेल तर एकही नाही.

तुझ्या टाकीचा हिशेब मी मांडून बघितला. व्यास ५० सेंटिमीटर धरला आणि आत १० किलो प्रेशर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो, तर एकेका टोकाच्या झाकणावर साडेएकोणीस टनांच्या वर जोर येतो. म्हणजे आपल्या दारात उभा राहतो तो भरलेला ट्रक. मोटर बंद करतो तो प्रेशर स्विच. तो एखाद्या दिवशी चिकटला की मोटर चालतच राहील, आणि वाट देणाऱ्या जागी प्लग आहे. त्यात टाकी आतून गंजते, कारण हवेतलं पाणी तळाशी साचतं. आणि पंक्चर काढणारं पोरगं तिला पाठ टेकून जेवायला बसतं, मी बघितलंय.

म्हणून हे कर. टाकीवरच्या पाटीचा फोटो पाठव, वर्किंग प्रेशर बघून कितीच्या सेटिंगचा व्हॉल्व्ह घ्यायचा ते मी कळवतो. जळगावला मिळेल, नवाच घे. टाकी आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बंद करता येणारा कॉक बसवू देऊ नको. बसवल्यावर आठवड्यातून एकदा, प्रेशर असताना, रिंग ओढून हवा सोडत जा. खालचा ड्रेन रोज संध्याकाळी उघड. टाकी जुनी आहे, तिची टेस्ट करून घे, पण पाणी भरून, हवा भरून नाही. पाणी दबत नाही, टाकी फाटली तरी तुकडे उडत नाहीत.

तोवर कॉम्प्रेसर लावू नको. दहा-बारा दिवसांचा धंदा बुडेल हे मला कळतं. त्याचे पैसे मी उद्या टाकतोय, वहिनीच्या खात्यावर.

इथे उन्हाळा कडक आहे, पण आपल्या मे महिन्यानं सवय लावलीय. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला सुटी मागितलीय, बहुतेक मिळेल. आईला सांग, कळण्याची भाकर आणि भरीत, दुसरं काही नको. आणि त्या पोराला आजच सांग, जेवायला बाहेर निंबाखाली बस म्हणावं.

तुझा,
धाकटा