आधी आशाताईंना शोध

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घर लागलं, गॅसची जोडणी झाली, तुझ्या सासूबाईंनाही पूर्वेची खोली आवडली, हे वाचून बरं वाटलं. आता एक काम राहिलंय आणि ते पाचवा महिना आहे तोवरच उरकून घे, पुढे तुला उन्हातलं चालणं नको होईल. वाघोलीत तुमच्या आजूबाजूला आरोग्याचं काम करणारी माणसं कोण, ती कुठे बसतात आणि कुठल्या दिवशी भेटतात, हे पायी फिरून बघून ये. मोबाइलवर शोधलंस तर मोठी हॉस्पिटलं आणि लॅबच्या जाहिराती दिसतील. अंगणवाडी, महिला आरोग्य समिती, ज्येष्ठ नागरिक संघ, रुग्णसाहित्य केंद्र यांच्या पाट्या हातभर असतात, काहींना तर पाटीच नसते.

सुरुवात अंगणवाडीपासून कर. जाताना सकाळी जा, दुपारनंतर कुलूप असतं. अंगणवाडीताईंना विचार, "आमच्या बिल्डिंगच्या आशाताई कोण?" आशाताई म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रासाठी घरोघरी फिरणाऱ्या आशा स्वयंसेविका. त्या एकमेकींना रोज भेटतात, नंबर लगेच मिळेल. शहरात एका आशाताईकडे साधारण हजार ते अडीच हजार लोकवस्ती असते, त्यामुळे कुठल्या घरात गरोदर बाई आहे, कोणाचं टीबीचं औषध चालू आहे, कुठल्या म्हाताऱ्या माणसाला बघायला कोणी नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घे: आपली सोसायटी कुठल्या आरोग्य केंद्रात येते, लसीकरणाचं सत्र कुठे आणि कुठल्या वारी असतं, आणि तिथल्या सिस्टरचं नाव काय. पहिला प्रश्न वाघोलीत मुद्दाम विचारायचा, कारण गाव २०२१ साली पुणे महापालिकेत आलं. जिल्हा परिषदेचं केंद्र आणि पालिकेचा दवाखाना यांत आपलं कुठलं, हे जुन्या रहिवाशांनाही नीट सांगता येत नाही आणि दोन्हीकडून "तिकडे जा" ऐकून माणूस परत येतो.

फ्लॅटमधल्या लोकांचा एक ठाम समज असतो की हे सगळं वस्तीतल्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. हा समज फार नुकसान करतो गं. वॉचमन आशाताईंना गेटवरच अडवतो, मग त्या इमारतीतली गरोदर बाई नोंदीत येत नाही, बाळ यादीत येत नाही, टाक्यांमधल्या डासांच्या अळ्या कोणी बघत नाही आणि डेंग्यू आला की सगळे पालिकेच्या नावाने बोटं मोडतात. पल्स पोलिओच्या फेरीनंतर दाराशेजारच्या भिंतीवर खडूची खूण असते, ती बघ. "पी" लिहिलं असेल तर त्या घरातलं काम पूर्ण झालं. "एक्स" असेल तर मूल राहिलं किंवा दार उघडलं नाही, आणि टीमला परत यावं लागतं. मोठ्या सोसायट्यांत मजलेच्या मजले "एक्स" निघतात. तुमच्या कमिटीला सांग की आशाताईंचं नाव आणि फोटो गेटच्या रजिस्टरला चिकटवा आणि त्यांचा नंबर लिफ्टच्या बोर्डावर लावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

तुझी तपासणी खाजगी डॉक्टरांकडे चालू आहे, ती राहू दे. तरीही आशाताईंकडून नाव नोंदवून माता-बाल संरक्षण कार्ड घे. त्यावर आरसीएच नंबर, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या सरकारी नोंदीतला तुझा क्रमांक, पडतो आणि बाळाच्या लसी पुढे त्याच नोंदीला जोडल्या जातात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी हे सगळं मोफत. एकदा जाऊन ये. अडीअडचणीला कुठल्या दारातून आत जायचं ते पायाला ठाऊक असावं. लोहाच्या १८० गोळ्या आणि कॅल्शियमच्या ३६० मिळतात. खाजगीकडून त्याच गोळ्या चालू असतील तर दोन्ही घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना दाखवून एकच चालू ठेव. लोह आणि कॅल्शियम एकत्र कधी घेऊ नकोस, कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही. मध्ये निदान दोन तास जाऊ देत. लोहाची गोळी जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर, आणि त्यानंतर तासभर चहा नाही. शौचाला काळं होतं, त्याने घाबरायचं नाही. पुष्कळ बायका तिथेच गोळ्या सोडतात.

लसीकरणाच्या वाराबद्दल नीट समजून घे, कारण सगळ्यात जास्त वाद तिथे होतात. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी तिच्यासोबतचं द्रावण घालून एकदा तयार केली की चार तासांत संपवावी लागते, उरली तर फेकून द्यायची. एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात. म्हणून सिस्टर ठरलेल्या वारीच ती फोडतात. मधल्याच दिवशी बाळ घेऊन गेलीस आणि परत पाठवलं, तर ती टाळाटाळ नसते. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), पोलिओचे थेंब यांची उघडलेली कुपी योग्य थंडाव्यात ठेवली तर चार आठवडे चालते, तिथे एवढी अडचण येत नाही. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस मात्र जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हवा. तो प्रसूतीच्या हॉस्पिटलातच द्यायचा असतो, आधीच सांगून ठेव. पुढे दीड, अडीच आणि साडेतीन महिने, मग नऊ महिने. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. खाजगीकडे एक लस, सरकारीकडे दुसरी असं केलंस तरी हरकत नाही, पण दोन्ही नोंदी एकाच कार्डावर करून घे. दोन कार्डं झाली की हमखास एखादा डोस राहतो, नाहीतर दोनदा दिला जातो.

बाळ झालं की अंगणवाडीत दर महिन्याला वजन करायला ने. लटकत्या काट्याची झोळी आधी रिकामी अडकवून काटा शून्यावर आहे का ते बघायचं आणि मगच बाळ ठेवायचं. स्वेटर, टोपी, जाड लंगोट काढूनच. कपड्यांचं दोन-तीनशे ग्रॅम जमेस धरलं की घटलेलं वजन लपून जातं. आकड्यापेक्षा तक्त्यावरची रेघ बघ: वर चढतेय, सपाट झालीय की खाली वळलीय. सलग दोन महिने रेघ सपाट दिसली तर मूल तक्त्याच्या हिरव्या, म्हणजे नीट वजनाच्या, पट्ट्यात असलं तरी डॉक्टरांना दाखवायचं.

आता सासूबाईंच्या पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि घरचे मिळून भेटतात. तिथे त्यांना आणि अभिजितरावांना दोघांनाही जाऊ दे. डॉक्टर गोळी लिहून देतात, पण गोळीचा असर उतरायला लागला की आंघोळ कधी उरकायची, दारात पाय चिकटल्यासारखे होतात तेव्हा काय करायचं, हे रोज त्यातून जाणारी माणसंच सांगतात. फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या तर त्यांवरून पाऊल उचललं जातं. मोठ्याने एक-दोन मोजलं तरी अडलेलं पाऊल सुटतं. मागून ढकलायचं किंवा हाताला ओढायचं मात्र अजिबात नाही, तोल जातो. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सवरची, गोळी बहुधा जेवणाआधी अर्धा तास देतात. दूध, डाळ, अंडं यांबरोबर घेतली तर काहींना कमी लागू पडते. त्यांच्या डॉक्टरांना विचारून वेळा कागदावर लिहा आणि तो कागद पाकिटातही ठेवा. कधी हॉस्पिटलात दाखल करावं लागलं तर वॉर्डच्या वेळेप्रमाणे गोळी उशिरा मिळते आणि अंग आखडून बसतं, तेव्हा तो कागद सिस्टरच्या हातात द्यायचा.

वॉकर, कमोड खुर्ची, फाउलर बेड (डोक्याकडून-पायाकडून उचलता येणारी खाट), एअर बेड (पंपाने हवा भरायची गादी) लगेच विकत घेत सुटू नका. पुण्यात ठिकठिकाणी सेवाभावी संस्था आणि काही गणेश मंडळं रुग्णसाहित्य केंद्र चालवतात. डिपॉझिट भरायचं, थोडं भाडं किंवा तेही नाही, वस्तू परत केली की डिपॉझिट परत. आधार कार्डाची प्रत आणि बहुतेक ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. घेताना तिथेच तपासायचं. वॉकरच्या चारही पायांचे रबर झिजलेले नाहीत ना ते उलटं करून बघ. गुळगुळीत रबर ओल्या फरशीवर सरकतो आणि खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. सासूबाई सरळ उभ्या राहून हात खाली सोडतील तेव्हा वॉकरची मूठ त्यांच्या मनगटाशी यायला हवी. मूठ उंच असेल तर खांदे चढतात, खाली असेल तर पाठ वाकते. पार्किन्सन्समध्ये साधा वॉकर उचलून पुढे टाकताना माणूस मागे पडू शकतो, चाकाचा पुढे पळू शकतो, म्हणून कुठला घ्यायचा ते फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवा. एअर बेडचा पंप तिथेच अर्धा तास चालवून घ्या. पावती जपून ठेवा आणि गरज संपली की वस्तू पुसून लगेच परत करा. माळ्यावर पडलेला एकेक वॉकर म्हणजे कोणाचं तरी थांबलेलं चालणं असतं.

संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघ बहुधा बागेत किंवा देवळाच्या सभामंडपात भेटतो. सासूबाईंना पहिल्या दिवशी तू सोबत घेऊन जा, नुसतं "जा" म्हटलं तर त्या जाणार नाहीत. त्यांच्या बरोबरीची एखादी बाई ओळखीची होईपर्यंत तीन-चार वेळा जावं लागेल.

मनाचंही सांगते. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस रडू येणं नेहमीचं आहे. पण दोन आठवड्यांपुढे झोप नाही, बाळाची ओढ नाही, जीव नकोसा वाटतो असं झालं तर ते दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत, मराठीत बोलता येतं. पुण्यात कनेक्टिंग नावाची संस्था आहे, तिथले स्वयंसेवक सल्ले न देता ऐकून घेतात. नंबर आत्ताच फ्रिजवर लाव, वेळ आल्यावर शोधायचं बळ नसतं. व्यसनासाठी मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय, तिथे घरच्यांनाही मदत मिळते. तुमच्या मजल्यावरच्या ज्या कुटुंबाबद्दल तू लिहिलंस, त्या घरातल्या बाईला एकटीला गाठून हे सांग, चारचौघांत नको.

तुमच्याकडे येणाऱ्या मावशींसाठी हे लक्षात ठेव. पुण्यातली बरीच मोठी हॉस्पिटलं धर्मादाय आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खालच्या योजनेप्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड आजार नसतानाच काढून ठेवायला सांग. दाखल होतानाच बिलिंगच्या खिडकीवर न थांबता वैद्यकीय समाजसेवकांना भेटायचं आणि अर्ज लेखी द्यायचा. पूर्ण बिल झाल्यावर गेलं तर सवलत मिळवणं फार जड जातं. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाकडे अनामत मागता येत नाही. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी हॉस्पिटलातच आरोग्यमित्र बसतात, त्यांनाही त्याच दिवशी विचारायचं.

संस्था खरी की कशी, हे तिच्या पावतीवरून कळतं. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. देणगी दिलीत आणि आयकरात सूट हवी असेल तर दोन हजारांवर रोख देऊ नका. "मोफत शिबिर" म्हणत सोसायटीत येणाऱ्यांना आधी विचारा की रिपोर्ट वाचून कोण देणार आणि पुढे काय विकणार. टाचेवर यंत्र लावून हाडं ठिसूळ आहेत सांगतात, ते निदान नव्हे, त्यासाठी डेक्सा तपासणी लागते. त्या एका कागदावर महिनोन्महिने गोळ्या खाणारी माणसं खूप आहेत. त्यापेक्षा आशाताई आणि सिस्टरना हॉल दिलात तर रक्तदाब आणि साखर नीट तपासून होईल आणि ज्यांची वाढलेली निघेल त्यांच्या घरी त्या परतही येतील.

अभिजितरावांना म्हणावं, रक्तदान गणपतीतच करू नका. तेव्हा एकाच दिवशी पिशव्यांचा ढीग लागतो, पण लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवसच टिकतात आणि प्लेटलेट्स पाच दिवस. मे महिन्यात आणि दिवाळीत कॉलेजं बंद असतात, माणसं गावी जातात, रक्तपेढ्या रिकाम्या होतात. तेव्हा जा. वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा, आणि पुरुषांना दर तीन महिन्यांनी देता येतं. तू बाळ अंगावर पितं तोवर द्यायचं नाहीस.

या शनिवारी सकाळी अंगणवाडीत जाऊन आशाताईंचा नंबर घे आणि मला कळव. जाताना पाण्याची बाटली आणि टोपी ने, आणि आधीच्या सगळ्या रिपोर्टच्या प्रती प्लास्टिकच्या फाइलमध्ये घाल. सासूबाईंना नमस्कार सांग. मेथीचे लाडू पुढच्या आठवड्यात बाबांबरोबर पाठवते, त्यातले दोन आशाताईंना दे.

तुझी,
आई