अंगणातली सापसुरळी आणि आपल्या अंगातली ऊब

वुलनगाँग, ऑस्ट्रेलिया, 14 जुलै

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर आईने विचारलेला प्रश्न घाईत अर्धाच राहिला, म्हणून आज सवडीने लिहीत आहे. आमच्या परसात राहणारी निळ्या जिभेची सापसुरळी (आपल्याकडच्या सापसुरळीची जाडजूड मावशीच म्हणा) थंडीचे कित्येक आठवडे न खाता कशी काढते, आणि आपल्याला मात्र एक वेळ जेवण चुकले तरी हातपाय गळाल्यासारखे का होते, असे तू विचारले होतेस.

ती थंड असते म्हणून तिला कमी लागते, हे मी तेव्हा सांगितलेले उत्तर खोटे नाही; पण ते निम्मेच आहे. आज सकाळी ती भिंतीजवळच्या विटेवर पसरली होती. मी पाठीला बोट लावले तेव्हा ती विटेइतकीच गार होती, आणि दुपारी पुन्हा पाहिले तेव्हा चांगली कोमट झाली होती. परंतु अशी उन्हाने तापलेली असतानाही तिच्या शरीराचा खर्च तितक्याच वजनाच्या उंदराच्या मानाने फारच थोडा असतो. आमच्या याच गावातल्या विद्यापीठातील टोनी हल्बर्ट आणि पॉल एल्स यांनी 1981 मध्ये उंदीर आणि त्याच्याच वजनाचा एक ऑस्ट्रेलियन सरडा यांची तुलना केली होती. दोघांचे शरीर 37 अंशांवर असतानाही उंदीर कित्येक पट अधिक प्राणवायू वापरत होता. उंदराचे यकृत, मूत्रपिंड, मेंदू हे अवयव मोठे असतात आणि पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे ऊर्जा तयार करणारे बारीक कण, हेही जास्त असतात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मात्र पेशीभोवतीच्या पातळ पडद्यात, म्हणजे पेशीपटलाच्या मेदात दडलेले आहे, आणि मला त्याचेच नवल अधिक वाटते.

आई, हिवाळ्यात खोबरेलाची बाटली गोठते आणि तू ती उन्हात ठेवतेस. जवसाचे तेल मात्र शेजारच्याच फडताळात पातळच राहते. खोबरेलातली मेदाम्ले (मेद ज्यांचा बनतो ते लांबट रेणू) बहुतांशी संतृप्त, म्हणजे सरळ काड्यांसारखी असतात आणि एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. जवसातल्या मुख्य मेदाम्लाला तीन दुहेरी बंध, म्हणजे कार्बनच्या दोन अणूंमधल्या दुहेरी जोडण्या, असतात, प्रत्येक बंधापाशी काडी वाकते आणि वाकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधली जात नाही. पेशीपटलही अशाच काड्यांचे बनलेले असते. थंड पाण्यातले मासे गारठा वाढला की पटलात वाकड्या काड्या वाढवतात, कारण पटल गोठले तर पेशीचे कामच थांबेल.

मग सदैव उबदार असलेल्या उंदराला वाकड्या काड्यांची गरजच काय? त्याला गोठण्याची भीती नाही, तरीही त्याच्या पटलात सरड्याच्या मानाने अनेक दुहेरी बंध असलेली मेदाम्ले अधिक असतात. त्यांपैकी डीएचए या मेदाम्लात तर सहा दुहेरी बंध असतात. हल्बर्ट आणि एल्स यांचे म्हणणे असे की हा मेद चयापचयाची गती ठरवतो. पटलात रुतलेले पंप पेशीतील तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात, आणि प्रत्येक फेरीला एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा) एक रेणू खर्च होतो. सोडियम गळून पुन्हा आत येतच राहते, म्हणून आपण झोपलेलो असतानाही हे उपसणे चालू असते. पटल चंचल असेल तर गळतीही जास्त आणि पंपही वेगवान, आणि या सगळ्या खटाटोपातून जी उष्णता सुटते तीच आपली ऊब.

हे पडताळण्यासाठी त्यांच्या गटाने 2004 मध्ये केलेला प्रयोग मला फार आवडतो. गाय आणि मगर यांच्या ऊतींतून सोडियम पंप घेऊन त्यांच्याभोवतीचा मेद बराचसा काढून टाकला आणि अदलाबदल करून दिला, म्हणजे मगरीच्या पंपाला गाईचा आणि गाईच्या पंपाला मगरीचा. मगरीचा पंप वेगाने चालू लागला आणि गाईचा मंदावला. पंप तोच, बदलला होता तो शेजार.

हे सर्वांना पटले आहे असे मात्र नाही. सस्तन प्राण्यांच्या अनेक जातींची तुलना करून 2007 मध्ये काही संशोधकांनी पटलाचा मेद आणि चयापचयाचा वेग यांच्यात असा संबंध आढळला नाही, असे लिहिले. मला स्वतःला अदलाबदलीचा पुरावा अधिक वजनदार वाटतो, परंतु एका पंपावरून अख्ख्या प्राण्याचा हिशेब मांडता येत नाही, हेही तितकेच खरे.

बाबा, तुम्ही बॅटला जवसाचे तेल चोळून गच्चीवर ठेवत होता, आणि ते हळूहळू वाळून कडक होत असे, ते आठवते का? ते वाळणे म्हणजे दुहेरी बंधांवर प्राणवायूने केलेला हल्लाच. खोबरेल कितीही दिवस ठेवले तरी तसे वाळत नाही. पेशीपटलालाही हाच धोका असतो. डीएचए भरपूर असलेला उंदीर तीन-चार वर्षांत संपतो, आणि साधारण त्याच्याच आकाराचा, बिळात राहणारा आफ्रिकेतला नग्न तीळउंदीर तीस वर्षे जगू शकतो. त्याच्या ऊतींत डीएचए फारच कमी असते. दीर्घायुष्याचे हेच एकमेव कारण आहे असे मी म्हणणार नाही, पण ही तफावत डोळ्यांआड करण्याजोगी नाही.

आणि आई, हे वाचून जवसाची चटणी वाढवावी की बंद करावी, हा तुझा पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू येतो आहे. पटलात एकूण दुहेरी बंध किती असावेत, हे शरीर बरेचसे स्वतःच राखते. आहाराने फक्त कोणत्या जातीची मेदाम्ले किती, एवढेच जास्त बदलते. तेव्हा चटणी जशी करतेस तशीच करत जा, आणि आत्याकडून कोणी इकडे येणार असेल तर एक बरणी माझ्यासाठीही दे.

संध्याकाळ झाली तशी सापसुरळी पानांच्या ढिगाखाली शिरली आहे. बाबा, ती जुनी बॅट अजून माळ्यावर असेल तर तिच्या पात्यावरून एकदा बोट फिरवून पाहा आणि तेलाचा थर अजून कडकच आहे की चिकट झाला आहे, ते मला पुढच्या पत्रात कळवा.

तुमची,
ताई