‘शेवटचा सिंह’ म्हणण्याआधी बसमधल्या लोकांचं ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला बार्बरी सिंहावरचा लेख काल वाचला, आज सकाळी चहा घेताना परत वाचला आणि राहवेना म्हणून लिहायला बसलो. मथळा काय तर ‘नामशेष झालेला सिंह परतला’. कुठे परतला हो? चेक प्रजासत्ताकातल्या द्वूर क्रालोवेच्या सफारी पार्कमध्ये चार छावे झाले, चांगलीच गोष्ट आहे, आनंदच आहे, पण ते कुंपणाच्या आत जन्मले आणि कुंपणाच्या आतच मोठे होणार. मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया, जिथं हा सिंह देवदाराच्या आणि ओकच्या जंगलात, हिवाळ्यात चक्क बर्फात हिंडायचा, तिथं आज एकही नाही. मग परतला म्हणजे काय झालं? शिवाय मोरोक्कोच्या सुलतानाने पाळलेल्या सिंहांची ही पुढची पिढी, त्यांचं रक्त कितपत शुद्ध यावर जाणकारांचंच एकमत नाही, याबद्दल लेखात एक ओळ नाही.

दुसरं, फोटो. वाळूच्या उतारावरून एकटा चाललेला सिंह, वरून काढलेला, आणि खाली लिहिलंय ‘1942 मध्ये मारला गेलेला शेवटचा बार्बरी सिंह’. साहेब, तो फोटो 1925 चा आहे. कॅसाब्लांका ते डाकार विमानातून जाताना मार्सेलीं फ्लांद्रां नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने तो काढला, एवढं तर माझ्या नातवाने मोबाईलवर दोन मिनिटांत शोधून दाखवलं. 1942 ला अ‍ॅटलास पर्वतातल्या तिझी न तिश्का घाटाजवळ जो सिंह मारला तो वेगळा. सतरा वर्षांचं अंतर आहे मधे! वाळूवरच्या त्या बिचाऱ्याचं पुढं काय झालं कुणालाच माहीत नाही आणि तुम्ही त्याला खुशाल मारून टाकलात.

पण मला खरा राग आलाय तो ‘शेवटचा’ या शब्दाचा. 1942 ला शेवटची शिकार झाल्याची नोंद आहे, शेवटचा सिंह मेल्याची नाही. नातवाने पुढं वाचून दाखवलं ते असं, की 2013 मध्ये काही संशोधकांनी जुन्या नोंदी आणि तिकडच्या म्हाताऱ्या लोकांच्या आठवणी एकत्र करून हिशेब मांडला, तर सिंह त्यानंतरही बरीच वर्षं टिकून होता असं निघालं. 1956 मध्ये अल्जेरियात सेतिफच्या उत्तरेला एका बसमधल्या लोकांनी सिंह पाहिला. बसमधल्या लोकांनी! आणि दोनच वर्षांनी, 1958 ला, फ्रेंचांशी चाललेल्या लढाईत ते जंगलच नष्ट झालं. म्हणजे सिंह संपला असं सगळे धरून बसले होते तेव्हा तो होता, आणि त्याच काळात त्याचं उरलंसुरलं घर गेलं. आधी तुर्कांच्या अमलात सिंह मारणाऱ्याला बक्षिसं, मग फ्रेंचांनीही बक्षिसं लावली, ते सगळं तुमच्या लेखात आलंय आणि बरोबर आलंय. पण मारणाऱ्यांइतकंच ‘आता काही उरलं नाही’ म्हणणाऱ्यांनीही त्याला संपवलं, हे तुम्ही लिहायला हवं होतं.

हे मी एवढं तावातावाने का लिहितोय तर मी एसटीत वाहक होतो, तीसएक वर्षं. सोलापूर-बार्शी रस्ता मला तोंडपाठ आहे. 1998 ची गोष्ट, श्रावण होता, सकाळची गाडी, पोरं शाळेची, बाजाराला निघालेल्या बायका, गाडी खच्चून भरलेली. वैरागच्या अलीकडे एका वळणावर ड्रायव्हरने ब्रेक लावला, मला वाटलं शेरडं आडवी आली. मी पुढं सरकून बघतो तर रस्त्यापासून पन्नास पावलांवर माळावर माळढोक उभा. पांढरी मान सरळ वर, डोक्यावर काळी टोपी, आणि इंजिनाचा आवाज चालू असताना तो पळाला नाही की उडाला नाही, एकेक पाऊल मोजून टाकत कुसळाच्या गवतातून चालत राहिला. माझ्याशेजारी उभी असलेली एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, ‘अगं बया, हूम! आजून हाय की!’ तिच्या माहेरी त्याला हूमच म्हणायचे. सगळी गाडी एका बाजूला झुकली, कुणी बोलेना. मी बेल मारली नाही. दोन मिनिटं गाडी तशीच उभी ठेवली, त्याबद्दल पुढं डेपोत बोलणीही खाल्ली, पण ती दोन मिनिटं मी आजही विसरलो नाही.

आता नान्नजला अभयारण्य आहे हे सगळ्यांना माहीत आहे, 1979 पासून आहे, पण आमच्या बाजूच्या माळावरनं माळढोक कधीचाच गेला असं तेव्हा सगळे धरून चालले होते. मी सुट्टी टाकून एका कार्यालयात सांगायला गेलो. तारीख सांगितली, वेळ सांगितली, जागा सांगितली, गाडीत साठ माणसं होती म्हणालो. टेबलावरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, तिकडं माळढोक नाहीत, तुम्ही बगळा बघितला असेल. बगळा! मी लहानपणापासून त्या माळावर गुरं राखली, मला बगळा आणि माळढोक कळत नाही? त्याने कागदावर एक अक्षर लिहून घेतलं नाही. दोन वर्षांत कालव्याचं पाणी आलं, तो माळ नांगरला गेला आणि ऊस लागला. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, पाणी आल्यावर ऊस कोण लावणार नाही? पण तिथं एक पक्षी आहे अशी एक ओळ जरी कुणी लिहून ठेवली असती तर निदान कुणी येऊन बघितलं असतं, अंडं आहे का, मादी आहे का. नंतर त्या वळणावर मी निवृत्त होईपर्यंत रोज खिडकीतून बघत होतो. परत नाही दिसला.

म्हणून त्या अल्जेरियातल्या बसचं वाचलं आणि काल रात्री झोप लागली नाही. त्या बसमध्येही एखादा कंडक्टर असेल, त्यानेही कुणाला तरी सांगितलं असेल, आणि त्यालाही कुणीतरी म्हटलं असेल की सिंह कसला, तरस बघितला असशील.

उलटं उदाहरण आपल्याच देशात आहे. गीरमध्येही एके काळी सिंह अगदी मोजकेच उरले होते, पण ‘संपलेच आता’ म्हणून जुनागढच्या नवाबाने सोडून दिलं नाही, शिकार बंद केली, आणि 2025 च्या गणतीत 891 सिंह निघाले. आणि हे दोघं सख्खे म्हणावेत इतके जवळचे आहेत, 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी बार्बरी सिंह आणि आपला गीरचा सिंह एकाच उपप्रजातीत घातले. तुमच्या लेखात गीरचं नावसुद्धा नाही, मराठी वाचकाला याहून जवळचा धागा कुठला मिळणार होता? सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये सांगूनसुद्धा गीरचे सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात गेले नाहीत, सगळे आजही गुजरातेतच आहेत, एखादी साथ आली तर काय, यावर तरी चार ओळी हव्या होत्या.

आणि लिहितोच आहे तर हेही. मागच्या वर्षी मी एसटी स्टँडवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही छापलं पण निम्मं कापून, आणि जे कापलं तेच महत्त्वाचं होतं, टाकी किती महिने बंद होती ते. आता तर वाचकांच्या पत्रांची जागाच एका रकान्यावर आली आहे, बाजूला क्लासची जाहिरात एवढी मोठी. वाचक जे डोळ्यांनी बघतो ते लिहून पाठवतो, त्याला जागा नाही म्हणता आणि फोटोखाली चुकीचं साल छापायला मात्र जागा असते, याचं फार वाईट वाटतं. चाळीस वर्षं हाच पेपर घेतोय म्हणून हक्काने बोललो.

हे पत्र कापायचंच झालं तर टाकीचं कापा, गीरचं कापा, बसचं कापू नका. आणि दुरुस्ती छापाल तेव्हा फोटोखालचं साल 1925 करा, आणि 1942 पुढं ‘नोंद असलेली शेवटची शिकार’ असं लिहा, ‘शेवटचा सिंह’ लिहू नका.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
ता. बार्शी, जि. सोलापूर