वाकडचा फ्लॅट, आणि बाकीचं

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. बाबा "बरं, आईशी बोल" म्हणून फोन पुढे करणार, आई "जेवलीस का" विचारणार, आणि मुद्द्याचं राहून जाणार. म्हणून लिहिते. आई, तूच मोठ्यानं वाचून दाखव. बाबांनी चष्म्याचा नंबर अजून तपासलेला नाही, हे मला कळलंय.

सरळच सांगते. वाकडचा फ्लॅट मी रद्द केला. बिल्डरच्या ऑफिसात जाऊन अर्ज दिला, सही करून आले. करारनामा नोंदवलेला नव्हता म्हणून फार अडकलं नाही. बुकिंगला दोन महिने उलटून गेले की किमतीच्या दोन टक्क्यांपर्यंत कापतात, महारेरा म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्यांच्या वाटपपत्रातच तसं आहे, तेवढे गेले. तो खड्डा मी माझ्या एफडीतून बुजवला. बाबांच्या ग्रॅच्युइटीतला एक रुपयासुद्धा कमी झालेला नाही, हे आधी नीट वाचा आणि मग पुढे चला.

आईनं तुळस कुठल्या गॅलरीत ठेवायची ते ठरवलं होतं. बाबांनी टेप लावून खिडक्यांची मापं घेतली होती, ती वही माझ्याकडेच आहे. लिफ्ट आहे, गुडघ्याला बरं पडेल, असं मीच दहा वेळा सांगितलं होतं. सगळं लक्षात आहे माझ्या. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "घे, होईल कसंतरी." दादाच्या दुकानाच्या वेळीही आपण सगळे हेच म्हणालो होतो.

आता कारण. बाबा, टीव्हीवर टीसीएसची बातमी बघून तुम्ही फोन केला होतात, जुलै 2025 मध्ये, बारा हजार माणसं कमी करणार म्हणून. मी म्हटलं होतं, ती कंपनी वेगळी, आमची वेगळी. ते खरंच होतं. आणि त्यांनी तरी काय सांगितलं, हे एआयमुळे नाही, कौशल्य जुळत नाही म्हणून. असेल. पण आमच्याकडे काय चाललंय ते मला रोज समोर दिसत होतं.

माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे काय ते तुम्हाला कधी धड सांगितलंच नाही. विमा कंपनीचं ॲप लोकांच्या हातात जायच्या आधी त्यातलं पान न् पान उघडून बघायचं. मुद्दाम चुकीची जन्मतारीख टाकायची, पैसे भरताना मध्येच नेट बंद करायचं, आणि काय मोडतं ते लिहून ठेवायचं. काय काय तपासायचं याची यादी करण्यातच आमचा आठवडा जायचा. आता ॲप कसं हवं त्याचा कागद एआयला दिला की चहा येईपर्यंत यादी तयार. बरी असते. कधीकधी आमच्यापेक्षा बरी. मध्येच एखादी ओळ ॲपमध्ये नसलेल्याच बटणाबद्दल असते, तीही इतकी ठामपणे लिहिलेली की नवीन पोरं ते बटण शोधत बसतात. तेवढं पकडायला माणूस लागतोच, पण पूर्वीएवढी माणसं लागत नाहीत. आमची टीम निम्म्याहून कमी झाली. मला कुणी काढलं नाही. काढायच्या आधी मीच उठले.

तुम्ही काय म्हणणार ते माहीत आहे. "एसटीत मशीन आलं तेव्हाही लोक असंच बोलत होते. कंडक्टर राहिला की नाही?" राहिला. तुमचा तो तिकिटांचा ट्रे, रंगीत गठ्ठे, दांडीवर वाजणारा पंच आणि टप्प्याटप्प्याला भरायचं वेबिल, सगळं गेलं आणि गळ्यात मशीन आलं. तुम्ही पहिले दोन महिने चिडचिड केलीत, नंतर आगारात इतरांना शिकवायला लागलात. मला त्याचा केवढा अभिमान होता. पण बाबा, विनावाहक गाड्यांवर रात्री जेवताना कोण बोलायचं? खिडकीवर तिकीट, गाडीत फक्त ड्रायव्हर. "आता आमची गरज काय," असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणजे मशीन येऊन माणूस राहतोही आणि जातोही, आणि आपण त्यातले कुठले हे आधी कुणी सांगत नाही.

आणि आई, तुझं तर आणखी वेगळं. तुझी ती अंगणवाडीतली अकरा रजिस्टरं. मोबाईल आला की ती जातील असं सांगितलं होतं ना? झालं काय, दिवसा मोबाईल भरायचा आणि रात्री रजिस्टर. त्यात ॲप इंग्रजीत आणि गावात रेंज नाही. 2021 मध्ये तुम्ही सगळ्या सेविका ते मोबाईल परत करायला निघालात तेव्हा बाबा घाबरले होते, मी मात्र मैत्रिणींना फोटो दाखवत सुटले होते. आता तुझ्या जागी आलेली पोरगी सांगत होती, घरी न्यायच्या आहारासाठी बाईचा चेहरा मोबाईलला दाखवावा लागतो. नेट गेलं की बाई बाळाला घेऊन ताटकळत उभी. मशीन आलं की आधी काम वाढतं, हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही, आपल्या स्वयंपाकघरात कळलं. आमच्याकडेही आता तेच चाललंय, एआयची यादी एक आणि ती तपासायची यादी दुसरी.

तर नवी नोकरी. पहिल्या तारखेपासून मी रुजू होतेय. छोटी कंपनी आहे, फोनवर मराठीत बोलणारं मशीन बनवते. हप्ता कधी आहे, तक्रार कुठे करायची, असलं लोक विचारतात आणि मशीन उत्तर देतं. ते कुठे चुकतं, हे मी ऐकून सांगायचं. मुलाखतीत त्यांनी एक फोन ऐकवला. एक आजोबा स्टँडवरून बोलत होते, मशीननं पत्ता विचारला, तेवढ्यात मागे घोषणा झाली, आणि मशीननं फलाट क्रमांकासकट गाडीचं नाव पत्ता म्हणून लिहून घेतलं. बाकीचे उमेदवार हसले. मी म्हटलं, आजोबांची गाडी लागली आहे, ते आता फोन ठेवणार, पुन्हा करणार नाहीत. मला वाटतं, त्या वाक्यावरच नोकरी मिळाली. लहानपणी शाळा सुटल्यावर कंट्रोलरच्या खोलीत बसून तुमची गाडी यायची वाट बघायचे, त्याचा असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं होतं?

पगार साधारण पाव हिस्सा कमी आहे आणि करार एक वर्षाचा. इथेच फ्लॅटचं गणित बसेना. वीस वर्षांचा हप्ता आणि एक वर्षाची नोकरी. बँक देते म्हणाली होती, जुन्या पगाराच्या स्लिपवर. पण बँकेला काय, ती फ्लॅट विकून घेईल. मला मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला पोटात गोळा घेऊन जगायचं नव्हतं. शिवाय वर्षभरानं हे काम पुण्यातच असेल, घरून असेल की आणखी कुठे, तेही ठरलेलं नाही. अशा वेळी एका जागी खुंट ठोकून बसायचं कशाला? आणि खरं सांगा, वाकडमध्ये तुम्ही दिवसभर काय केलं असतं? बाबांचा स्टँडवरचा कट्टा नाही, आईचं भजनी मंडळ नाही, तासगावच्या गणपतीचा रथ नाही. मी हे माझ्या सोयीनं बोलतेय असं वाटेल. थोडं तसं आहेही.

माझी काळजी करू नका. भाड्याची खोली तीच आहे, घरमालकीणबाई चांगल्या आहेत. दुपारचा डबा लावलाय, रात्री भात-आमटी मीच करते. आईनं दिलेली चटणी अजून आहे. झोप नीट लागते, आता तर जास्तच.

मला काळजी आहे ती तुमची. फ्लॅटसाठी दर महिन्याला बाजूला टाकायचे ते पैसे मी आता तासगावच्या घरात घालणार आहे, त्यावर वाद नको. मोरीतली फरशी बदलायची, घसरणार नाही अशी. कमोड बसवायचा आणि शेजारी भिंतीला स्टीलची दांडी. मागच्या दाराच्या पायऱ्यांना कठडा. इन्व्हर्टर. बाबा, तुम्ही मोरीत पडलात ते आईनं मला आठ दिवसांनी सांगितलं, तेही "जरासं चक्कर आल्यासारखं" अशा शब्दांत. कपाळावरची खोक मला व्हिडिओ कॉलवर दिसत नाही, असं वाटलं का?

ते घड्याळ देवघराच्या कप्प्यात ठेवण्यासाठी दिलेलं नाही. मनगटावर घाला, मोरीत जातानासुद्धा, पाण्यानं त्याला काही होत नाही. माणूस जोरात पडला तर ते ओळखतं, हातावर थरथरतं आणि बरे आहात का विचारतं. उत्तर आलं नाही तर फोन लावतं. कधी टाळी जोरात वाजवली तरी विचारेल, तेव्हा फक्त "बरा आहे" दाबायचं, शिव्या द्यायच्या नाहीत. घरात कॅमेरा बसवणार नाही, हे मी आधीच ठरवलंय. दादाचा आग्रह आहे, पण आई-बाबा पुढच्या खोलीत काय करतात ते पुण्यात बसून बघायचं, हे मला पटत नाही.

पेन्शनचा हयातीचा दाखला. बोटाचा ठसा जुळत नाही म्हणून तुम्ही दरवर्षी बँकेतून वैतागून येता. इतकी वर्षं तिकिटं फाडून आणि चिल्लर मोजून अंगठ्यावरच्या रेघाच गेल्यात, मशीन तरी काय वाचणार. आता चेहऱ्यावरून होतो, मोबाईलवर, घरबसल्या. मी आले की करू. तुमची पेन्शन पीएफ ऑफिसच्या ईपीएस-95 योजनेची, तिला नोव्हेंबरच पाहिजे असं नाही. ज्या दिवशी दाखला द्याल तिथून वर्षभर चालतो. उजेडात बसायचं, चष्मा काढायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची. बस.

आता नीट ऐका, हे सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या आवाजात फोन येऊ शकतो. "आई, मला अपघात झालाय, लगेच पैसे पाठव." आवाज हुबेहूब माझा असेल, कारण थोडासा आवाज मिळाला तरी नक्कल करता येते. ज्या मशीनवर मी काम करणार त्याचीच ही चुलत भावंडं आहेत. रडणं ऐकून विरघळायचं नाही. तो एक प्रश्न विचारायचा. कुठला ते इथे लिहीत नाही, आई, तुला माहीत आहे, मिरजेच्या दवाखान्यातला. उत्तर आलं नाही तर फोन ठेवायचा आणि माझ्या नंबरवर उलट फोन करायचा. पोलिसाच्या वेषात व्हिडिओ कॉल आला, "डिजिटल अरेस्ट" म्हणाला, तर तोही ठेवायचा. असली अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसायचं नाही, ताबडतोब 1930 ला फोन लावायचा, जेवढा लवकर तेवढं बरं. आणि पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, येणार नाहीत. बाबा, तुमचं यूपीआय मी पेन्शनच्या खात्यावरून काढून लहान खात्याला जोडलंय. त्यात दूध, भाजी आणि औषधापुरतेच पैसे ठेवा.

मी रागावलेय असं वाटलं तर वाटू दे. आई, लहानपणी मी वजन करून घ्यायला नको म्हणायचे तेव्हा तू मला त्या लोंबत्या काट्याच्या झोळीत उचलून टाकायचीस, आणि मी पाय झाडायला लागले की म्हणायचीस, "हलू नको गं, काटा स्थिर होऊ दे." मग अंगणवाडीतल्या सगळ्या पोरांसमोर माझं वजन मोठ्यानं वाचायचीस. केवढी लाज वाटायची! आता माझी पाळी आहे. साखर तपासून आकडा मला दर रविवारी कळव, उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा, दोन्ही. "नॉर्मल आहे" हा आकडा नाही.

बाबा, फ्लॅटचं मनाला लागलं असेल तर माझ्याशी बोला, आईवर चिडू नका, तिला यातलं काही माहीत नव्हतं. गावात कुणी विचारलं तर सांगा, पोरीनं नोकरी बदलली, म्हणून थांबलोय. खोटं काही नाही त्यात.

शनिवारी प्लंबर आणि फरशीवाला येतील. कमोड कुठल्या कोपऱ्यात ते मी त्यांना आखून पाठवलंय, तुम्ही बदलू नका. त्यांना चहा द्या, पैसे देऊ नका, मी दिलेत.

तुमची,
ताई

ता. क. बुकिंगचे पैसे बाबांच्या पेन्शनच्या खात्यात जमा झालेत. मेसेज आला असेल. त्यात कुठली लिंक असली तर दाबू नका, पासबुक घेऊन बँकेत जा आणि छापून आणा.