नाचणीचं पीठ युगांडाला नेऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात वर्ष-दोन वर्षांच्या सेवेसाठी जाणाऱ्यांनी बॅगेत काय भरावं, याची लांबलचक यादी आपल्या रविवारच्या पुरवणीत आली आहे. त्यात एक मजकूर चुकीचा आहे आणि तो तसाच राहिला तर कुणाला तरी नाहक हेलपाटे पडतील. यलो फीव्हरच्या, म्हणजे आफ्रिकेत डासांमुळं पसरणाऱ्या एका तापाच्या, लशीचा दाखला दर दहा वर्षांनी नवा काढावा लागतो, असं लेखात म्हटलंय. पूर्वी तसा नियम होता. ११ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत बदल झाला आणि तेव्हापासून हा दाखला जन्मभर चालतो, त्याआधी घेतलेला असला तरी. लेखात जे यायला हवं होतं ते मात्र राहून गेलं. लस टोचल्यावर दाखला लागू व्हायला दहा दिवस जावे लागतात. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. मुंबई, पुणे, नागपूर अशा ठिकाणच्या मोजक्या सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिथं आधी नंबर लावावा लागतो. साठी ओलांडल्यावर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दंड पुढं करू नये, कारण त्या वयात गंभीर त्रासाचा धोका थोडा जास्त असतो. आणि हा दाखला ज्यात असतो ती पिवळी पुस्तिका पासपोर्टच्या कव्हरात ठेवायची, मोठ्या बॅगेत नव्हे. जाताना युगांडातल्या एन्टेबेच्या विमानतळावर ती मागतात हे सगळ्यांना माहीत असतं. परत येताना मुंबईतही ती मागतात हे कुणी सांगत नाही. नसली तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवायचा अधिकार आपल्याच सरकारला आहे.

मी सरकारी नर्सिंग स्कूलमध्ये सिस्टर ट्यूटर होते. निवृत्तीनंतर एका संस्थेतर्फे उत्तर युगांडात, गुलूजवळ, सुईणींना शिकवायला गेले. दोन वर्षांची नेमणूक होती. म्हणून हे अधिकारानं लिहितेय.

आपल्याकडं परदेशी जाणाऱ्याची बॅग जाणारा भरत नाही, घर भरतं. माझी भावजय मनानं फार मोठी. तिनं जायच्या महिनाभर आधीपासून डबे मांडले होते. ‘वन्सं, तिकडं काय मिळतंय न मिळतंय, कुणास ठाऊक!’ हे तिचं पालुपद. डिंकाचे लाडू, खोबऱ्याच्या वाट्या, लोणच्याची बरणी आणि पाच किलो नाचणीचं पीठ. आता नाचणीची गोष्ट अशी की ते धान्य मूळचं तिकडचंच, इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ मुलखातलं. तिथून ते हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं आलं. गुलूच्या भागात नाचणीच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा हे रोजचं जेवण आहे. तूर तिथं पिकते. तीळ आणि शेंगदाणे इतके, की दोन्हीची वाटलेली चटणी बाजारात डब्यातून विकायला असते. चिंचेची झाडं रानात आहेत. वहिनीला हे सांगितलं, तर म्हणाली, ‘मग जाताय कशाला, हितंच राहा की!’

खोबऱ्याच्या वाट्यांचं वेगळंच प्रकरण. सुकं खोबरं विमान वाहतुकीच्या नियमांत आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं, म्हणून आपल्याकडच्या विमानतळांवर ते काढून ठेवायला लावतात. लाडवातल्या खसखशीचं तर त्याहून अवघड. दुबईवरून जाणार असाल तर खसखस जवळ बाळगू नका. अमिरातीत अमली पदार्थांच्या कायद्याखाली ती चालत नाही. अनारसे असोत नाहीतर मसाल्याची पुडी, तिथल्या अधिकाऱ्याला रुखवताशी देणंघेणं नाही.

मग खाण्यातलं न्यायचं काय? माझ्या मते तीनच गोष्टी. कांदा-लसूण मसाला, हिंग आणि तीन लिटरचा कुकर. मसाला दोन पिशव्यांत, वर पुन्हा एक डबा. नाहीतर दोन वर्षं सगळ्या कपड्यांना सांगली-मिरजेचा वास. कुकरला यादी करणारे हसतात. पण तिथं गॅस महाग, रोजचा स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर, आणि घेवड्यासारखं कडधान्य शिजायला अख्खी दुपार जाते. कुकरमध्ये ते लवकर होतं आणि कोळसाही वाचतो. मात्र रिंगा दोन जादा घ्या आणि सेफ्टी व्हॉल्व्हही. आपल्या कंपनीच्या मापाची रिंग गुलूत कुठं शोधणार? राजधानी कंपालात गुजराती दुकानदारांकडं डाळ-तांदळापासून अगरबत्तीपर्यंत सगळं मिळतं. १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन यानं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला होता. त्यांतली बरीच कुटुंबं पुढं परतली आणि त्यांची दुकानं पुन्हा उभी आहेत. पण कंपाला ते गुलू म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटर. बसनं करुमाचा पूल ओलांडून, जिथं नाईल फेसाळत असते आणि रस्त्याकडेला माकडं केळ्यांवर नजर ठेवून बसलेली असतात. दर आठवड्याला कुणी हिंग आणायला जात नाही.

त्या बसमुळंच एक सांगते. विमान कंपनी २३ किलोच्या दोन बॅगा नेऊ देते म्हणून दोन्ही गच्च भरू नका. पुढं त्या बसच्या पोटात, मग मोटारसायकलवर जायच्या असतात. स्वतःला उचलून खांद्याशी नेता येईल तेवढीच बॅग आपली.

कपड्यांबद्दल लेखात सगळ्यात जास्त लिहिलंय आणि ते सगळ्यात कमी कामाचं आहे. गुलू समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंचावर आहे. पावसात रात्री स्वेटर लागतो, एकच पुरतो. बाकी कपडे तिथं शिवून मिळतात, बाजारात गल्लीच्या गल्ली शिंप्यांची आहे आणि रंगीत कापड असं की आपल्या बायका वेड्या होतील. (तिथल्या बायकांचा समारंभातला टोकदार खांद्यांचा पायघोळ झगा, गोमेसी, तो गोव्याहून गेलेल्या गोम्स नावाच्या शिंप्यानं बेतला असं सांगतात. म्हणजे त्या गल्लीत आपलं थोडं माहेरच.) घरून न्यायचे ते वॉर्डातले बंद बूट, आपल्या मापाचे, आणि मळखाऊ पण सुती आतले कपडे भरपूर. कारण तिथं एक माशी आहे, मँगो फ्लाय म्हणतात तिला. सावलीत वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांवर ती अंडी घालते, अळी अंगाच्या उबेनं कातडीत शिरते आणि गळू येतं. उपाय एकच: जे जे धुतलं ते ते कडक इस्त्री. आतले कपडे, टॉवेल, उशीचे अभ्रेसुद्धा. वीज जाते म्हणून कोळशाची इस्त्री तिथंच घ्यायची, आपल्या आजोळी होती तश्शीच मिळते. इस्त्रीला न टिकणारा, पटकन वाळणारा म्हणून दुकानात खपवतात तो नायलॉनचा कपडा पहिल्या आठवड्यात निकामी.

आता थोडं रागानं लिहिते. लेखाच्या शेवटी लिहिलंय की जाताना ‘तिथल्या गरजूंसाठी’ जुने कपडे आणि उरलेली औषधं न्यावीत, तेवढंच पुण्य. जुन्या कपड्यांचे गठ्ठे तिकडं जहाजं भरभरून येतात. कंपालाच्या ओविनो बाजारात ते डोंगराएवढे रचलेले आहेत. तिथल्या कापड गिरण्यांना आणि शिंप्यांना ते जड जातं म्हणून पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी २०१६ मध्ये ही आयात टप्प्याटप्प्यानं थांबवायचं ठरवलं. अमेरिकेनं व्यापारातल्या सवलती काढून घेण्याचा धाक घातला तसे बाकीचे मागं सरले. रवांडा अडून राहिला आणि २०१८ मध्ये त्याच्या कपड्यांची सवलत गेली. एवढं रामायण ज्या मालावरून झालं, त्यात आपल्या माळ्यावरच्या फाटक्या शर्टांची भर कशाला? आणि औषधं? दान म्हणून पाठवायच्या औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ पासून नियम घालून दिलेत: पोचल्यावर किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, रुग्णांना देऊन परत आलेली औषधं चालणार नाहीत. जे औषध मिरजेत मी माझ्या वॉर्डात ठेवून घेतलं नसतं, ते गुलूतल्या बाळंतिणीला द्यायचं, याला मी पुण्य म्हणणार नाही.

स्वतःची औषधं मात्र हक्कानं न्या. तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं: अ‍ॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असं. त्या नावानं तिथल्या फार्मसीत मागितलं की पुष्कळदा भारतातच बनलेली गोळी हातात पडते. चष्मे दोन आणि नंबराचा कागद. तरुण मुलींनी मेन्स्ट्रुअल कप न्यावा. पॅड शहरात मिळतात, खेड्यात मिळतीलच असं नाही. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या कोणत्या हे डॉक्टर ठरवतील, पण परतल्याबरोबर त्या बंद करायच्या नसतात. डॉक्सीसायक्लिन पुढं चार आठवडे, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. आणि परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की मी आफ्रिकेतून आले आहे. आपल्याकडं ‘व्हायरल असेल’ म्हणून दोन दिवस घालवायची पद्धत आहे. तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपॅरमचा, म्हणजे सगळ्यात घातक प्रकारचा असतो, तो दोन दिवस थांबत नाही.

माझ्या बॅगेतला सगळ्यात मोठा ऐवज होता तो शिकवायच्या सामानाचा. जुन्या परकराच्या कापडाचं गर्भाशय, आत कापूस भरलेलं बाळ, लाल-निळ्या लोकरीची नाळ आणि वार. विद्यार्थिनींनी हातानं शिवलेलं. प्लॅस्टिकची मॉडेलं महाग आणि जड, हे सगळं मिळून किलोभरही भरलं नाही. एन्टेबेला कस्टमच्या बाईंनी बॅग उघडायला लावली, बाळ बाहेर काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि शेजारच्या दोघींना बोलावलं. मग पायाळू बाळ कसं सोडवतात हे मला तिथंच, टेबलावर, दाखवावं लागलं. मागं रांग खोळंबली होती. वॉर्डात गेल्यावर बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायला तिथल्या सुईणी पोटावर टेकवून कान लावायचा कर्णा वापरतात, वीज नसलेल्या खोलीत दुसरं काय चालणार. त्यासाठी सेकंदकाटा असलेलं मनगटी घड्याळ लागतं. मोबाइलवर सेकंद मोजत ठोके ऐकून पाहा, मग कळेल का ते. ज्याचा जो पेशा, त्यानं त्याचं असं सामान आधी बॅगेत घालावं आणि उरलेल्या जागेत बाकीचं. सुताराला पटाशी, शिक्षकाला त्याचे तक्ते. लेखातल्या यादीत नेमकं हेच नाही. गळ्यातली उशी आणि फ्लेवर्ड बार मात्र आहेत.

विजेचं थोडक्यात. दाब आपल्यासारखाच, प्लग मात्र इंग्लंडसारखे चौकोनी पिनांचे. अ‍ॅडॉप्टरची माळ नको. घरचा एक्स्टेन्शन बोर्ड न्या आणि तिथं पोचल्यावर त्याच्या टोकाला स्थानिक प्लग बसवून घ्या. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच. डॉलर नेणार असाल तर नव्या छपाईच्या, कोऱ्या, शंभराच्या नोटा. घडी पडलेली किंवा जुनी नोट तिथं घेत नाहीत, घेतली तर कमी भावानं, आणि लहान नोटांना भाव कमी.

शेवटचं सामान बॅगेत मावत नाही, पण त्याच्यासाठी निघण्याआधीचे दोन आठवडे राखून ठेवा. बँकेचे ओटीपी भारतातल्या नंबरावर येतात, तेव्हा तो नंबर चालू राहील आणि परदेशात मेसेज येतील अशी सोय आधी करून, एकदा तपासून घ्या. घर-जमिनीचं काही चालू असेल तर विश्वासातल्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र, त्यात नेमकी कोणती कामं ते लिहून. माझ्यासारख्या पेन्शनरांनी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नये. परदेशात असलात तर तो भारतीय दूतावासातून देता येतो. युगांडात त्यासाठी मला कंपालाचं भारतीय उच्चायुक्तालय, म्हणजे तिथला आपला दूतावासच, गाठावं लागे. मी त्या फेरीतच हिंग आणि डाळ आणत असे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त सिस्टर ट्यूटर, मिरज
(नाव प्रसिद्ध करू नये.)